तडा न लपवणारा सुतार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सुताराकडे आपण टेबल करायला टाकतो, तेव्हा आपली पहिली अट काय असते? फळी स्वच्छ हवी. तिच्यात गाठ नको, तडा नको, कड एका रेषेत सरळ हवी. इतके करूनही एखादी भेग राहिलीच, तर सुतार लाकडाचा भुसा सरसात कालवून ती बुजवतो, वरून पॉलिश पेपर मारतो, पॉलिशचा हात फिरवतो आणि म्हणतो, "साहेब, आता कुणाला कळणारसुद्धा नाही." आपणही समाधानाने मान हलवतो. दोष दिसू न देणारे काम ते चांगले काम, अशी त्याची आणि आपली, दोघांचीही समजूत असते.

आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्यांनी या समजुतीलाच हात घातला. फळीला पडलेला तडा ते टेबलाच्या ऐन मध्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवत. तो बुजवत नसत. तो पुढे वाढू नये म्हणून त्याच्यावर आडवा, दुसऱ्या रंगाच्या लाकडाचा डमरूच्या आकाराचा तुकडा बसवत. टेबलाची कड झाड जसे वाढले तशीच वेडीवाकडी राहू देत. लाकडाच्या व्यापारात जो माल बाजूला फेकला जाई, त्यातून त्यांनी असे काम उभे केले, की आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत ते जपून ठेवलेले आहे. त्यांचे नाव जॉर्ज नाकाशिमा. आणि या जपानी वंशाच्या अमेरिकन कारागिराच्या घडणीत आपल्या देशाचा फार मोठा वाटा आहे.

नाकाशिमांचा जन्म २४ मे १९०५ रोजी अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन या गावी झाला. आईवडील जपानहून तेथे येऊन स्थायिक झालेले. घनदाट अरण्यांचा तो मुलूख. लहानपणी जंगलात भटकणे हा या मुलाचा छंद. विद्यापीठात त्यांनी आधी वनशास्त्र घेतले आणि मग ते वास्तुशास्त्राकडे वळले. १९२९ साली पदवी मिळवली आणि पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये उच्च शिक्षण घेतले. झाड आणि इमारत या दोन्हींचा अभ्यास एकाच माणसाने केलेला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या सगळ्या कामात या दोन्ही विद्या हातात हात घालून चालताना दिसतात.

शिक्षणानंतर काही काळ पॅरिसमध्ये काढून ते टोकियोला पोहोचले. तेथे अँटोनिन रेमंड नावाच्या वास्तुशिल्पज्ञाकडे त्यांना काम मिळाले. रेमंड मूळचे चेक. फ्रँक लॉइड राइट यांच्या 'इम्पीरियल हॉटेल'च्या बांधकामासाठी ते जपानला आले आणि तेथेच राहिले. या रेमंड यांच्याकडे एक आगळे काम आले. ते होते पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमासाठी साधकांचे निवासस्थान बांधण्याचे. हैदराबाद संस्थानाचे दिवाण सर अकबर हैदरी यांनी त्यासाठी मोठी देणगी मिळवून दिली होती. म्हणून इमारतीचे नाव ठेवले 'गोलकोंड'. कामावर देखरेख करायला कोणीतरी प्रत्यक्ष तेथे राहायला हवे होते. नाकाशिमा तयार झाले. १९३७ साली ते पाँडिचेरीत आले.

गोलकोंडची इमारत आजही उभी आहे. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या आधुनिक काँक्रीट इमारतींत तिची गणना होते. तिच्या लांब बाजूंना नेहमीसारख्या भिंतीच नाहीत. भिंतींच्या जागी मजल्याच्या उंचीच्या आडव्या पट्ट्यांच्या झडपा आहेत. हव्या तशा उघडता-मिटता येतात. ऊन, पाऊस अडवायचा आणि समुद्रावरचा वारा मात्र आत घ्यायचा, ही त्यामागची योजना. खोलीची दारे सरकती, सागवानी पट्ट्यांची. पट्ट्या अशा मागेपुढे बसवल्या आहेत की दार लावले तरी वारा खेळता राहतो आणि आतले दिसत नाही. फरशी काळ्या कडप्प्याची. होय, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा कडप्पा! तोच इथे घासूनपुसून आरशासारखा केलेला आहे.

हे काम मुख्यतः साधकांनी स्वतःच्या हातांनी केले. ठेकेदार नाही, घाई नाही. पैसा आणि वेळ वाचवण्यापेक्षा काम नीट होण्याला महत्त्व होते. नाकाशिमा या वातावरणात इतके रमले की त्यांनी पगार घेणे बंद केले आणि ते आश्रमाचे साधक झाले. श्री अरविंदांनी त्यांना नाव दिले 'सुंदरानंद'. सौंदर्यात आनंद मानणारा. गोलकोंडच्या खोल्यांसाठी त्यांनी साधे सागवानी सामान आखले. फर्निचरच्या क्षेत्रातले त्यांचे ते पहिले महत्त्वाचे काम. म्हणजे पुढे जगभर नावाजलेल्या या कारागिराचा श्रीगणेशा झाला तो पाँडिचेरीत, आपल्या सागाच्या लाकडावर.

१९३९ साली त्यांनी भारत सोडला आणि जपानमार्गे ते अमेरिकेत परतले. मॅरियन ओकाजिमा यांच्याशी टोकियोत ओळख झाली होती. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केले. सिअ‍ॅटलला छोटी कार्यशाळा सुरू झाली. आणि त्याच वर्षी डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला.

त्यानंतर जे घडले तो अमेरिकेच्या इतिहासातला एक काळा भाग आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये निघालेल्या अध्यक्षीय आदेशाच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतले दोन तृतीयांश लोक अमेरिकेचे नागरिक होते. कोणावर आरोप नाही, खटला नाही. नाकाशिमांची मुलगी मीरा तेव्हा तान्ही होती. तिला घेऊन हे जोडपे आयडाहो राज्यातल्या मिनिडोका येथील छावणीत गेले. उजाड माळ, धूळ, लाकडी बराकी, भोवती काटेरी तारांचे कुंपण. या अन्यायाबद्दल अमेरिकी सरकारने माफी मागितली ती १९८८ साली.

या छावणीत नाकाशिमांना गेंतारो हिकोगावा नावाचे सुतार भेटले. जपानच्या पारंपरिक सुतारकामात मुरलेला हा माणूस. नाकाशिमांकडे विद्यापीठांच्या पदव्या होत्या, परदेशच्या कामाचा अनुभव होता. पण हत्याराला हात कसा द्यायचा हे ते या कारागिराच्या शेजारी बसून शिकले. पाश्चात्त्य करवत पुढे ढकलताना कापते. जपानी करवत आपल्याकडे ओढताना कापते. तिचे पाते त्यामुळे पातळ ठेवता येते आणि काप बारीक जातो. जपानी रंधाही आपल्याकडे ओढायचा असतो. खिळा न मारता एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचे टोक घट्ट बसवायचे, धार लावायला पुरेसा वेळ द्यायचा, आणि लाकडाची नस ओळखल्याशिवाय हत्यार चालवायचे नाही, हा त्या परंपरेचा पाठ.

आणि या शिक्षणासाठी लाकूड कुठले? तर बराकी बांधून उरलेले तुकडे, मोडक्या फळ्या आणि माळावर उगवणारी काटकुळी झुडपे. बराकींत माणसांना थोडे बरे राहता यावे म्हणून टाकाऊ सामानातून काय करता येईल, हे दाखवण्याचे काम नाकाशिमांकडे आले होते. चांगल्या फळीची चैन नव्हतीच. जे आहे ते निरखायचे, आणि त्यात काय दडले आहे ते शोधायचे.

इथे एक मोह होतो. ज्याला त्याच्या देशाने टाकून दिले, त्याने टाकलेल्या लाकडाला मान दिला, असे एक सुबक वाक्य लिहून मोकळे व्हावेसे वाटते. माणसाचे आयुष्य इतके सरळ नसते. पण एवढे मात्र खरे, की वाकड्या-तडकलेल्या लाकडाशी त्यांची जवळीक झाली ती आवडीआधी गरजेपोटी.

१९४३ मध्ये जुने मालक रेमंड त्यांच्या मदतीला धावले. ते आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यू होप या गावाजवळ शेतावर राहत होते. त्यांनी हमी घेतली आणि नाकाशिमा कुटुंबाची सुटका झाली. हा उच्चविद्याविभूषित वास्तुशिल्पज्ञ रेमंड यांच्या शेतावर कोंबड्या सांभाळू लागला! पुढे जवळच त्यांनी स्वतःच्या श्रमांच्या बदल्यात थोडी जमीन मिळवली. आधी तंबूत राहिले, मग कार्यशाळा बांधली, मग घर. क्रम पाहा, आधी कार्यशाळा आणि नंतर घर. हातात पैसा नव्हता. वखारीतले पहिल्या प्रतीचे लाकूड परवडत नव्हते. म्हणून गाठी असलेल्या, तडकलेल्या, इतरांनी नाकारलेल्या फळ्या ते घेत.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या महायुद्धानंतरचा अमेरिकेतला फर्निचरचा बाजार म्हणजे नव्या पदार्थांची जत्रा होती. चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपे उष्णता आणि दाबाखाली प्लायवूड वाकवून खुर्च्या करत होते. युद्धात जखमी सैनिकांच्या पायाला बांधायच्या प्लायवूडच्या खपच्या बनवताना त्यांनी ते तंत्र पक्के केले होते. १९५० च्या सुमारास फायबरग्लासच्या खुर्च्या आल्या. एरो सारिनेन यांनी एकाच पायावर उभी असलेली फुलासारखी पांढरी खुर्ची काढली. हे सारे मोठ्या प्रतिभेचे काम होते, यात शंका नाही. नव्या पदार्थाला नवा आकार, आणि कारखान्यात एकसारख्या हजारो प्रती, हा त्या काळाचा मंत्र होता.

नाकाशिमांनी पदार्थ निवडला तो माणसाच्या ओळखीचा सर्वांत जुना. पण लाकडाकडे पाहण्याची त्यांची पद्धत नवी होती. ती समजून घ्यायची तर आपल्याला थोडे वखारीत जावे लागेल.

ओंडका चिरताना साधारणपणे हिशेब असतो तो एकसारख्या फळ्या जास्तीत जास्त किती निघतील याचा. कडेचा वाकडा भाग जातो, गाठीचा भाग जातो. एका झाडाच्या फळ्या दुसऱ्या झाडाच्या फळ्यांत मिसळून जातात. नाकाशिमा ओंडका एका बाजूने दुसरीकडे सलग, पावाच्या कापांसारखा चिरून घेत. चिराई चालू असताना स्वतः उभे राहत. जाडी किती ठेवायची, करवत कुठून घालायची हे तेथल्या तेथे ठरवायचे असते, आणि एकदा करवत फिरली की बदल नाही. इंच-दोन इंच इकडे तिकडे झाले तर आतले अप्रतिम चित्र कायमचे हातचे जाते. निघालेले काप मग ज्या क्रमाने झाडात होते त्याच क्रमाने, मध्ये बारीक पट्ट्या घालून रचून ठेवायचे. एका झाडाचे सारे काप एकत्र.

मग वाट पाहायची. लाकूड हवेवर सुकायला जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष, असा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. तीन इंची फळीला तीन वर्षे. त्यानंतर उरलेली ओल घालवायला भट्टीत वाळवायचे. आणि इतके झाल्यावरही ती फळी लगेच वापरली जाईलच असे नाही. योग्य काम येईपर्यंत काही फळ्या वर्षानुवर्षे थांबून राहत.

तडा का पडतो, हेही पाहू. पावसाळ्यात आपली दारे फुगतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, हा अनुभव प्रत्येक घरातला. लाकूड ओल शोषते तेव्हा फुगते आणि ओल गेली की आकसते. पण ते सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. झाडाच्या वयाची वर्तुळे आपण खोडात पाहतो. त्या वर्तुळांच्या रेषेत लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. लांबीत तर जवळजवळ आकसतच नाही. या ओढाताणीत ताण असह्य होतो आणि गाभ्यातून बाहेर तडा जातो. म्हणजे तडा हा लाकडाचा अपराध नाही. तो त्याच्या सुकण्याचा इतिहास आहे.

नाकाशिमांचा डमरू येतो तो इथे. हा तुकडा बहुधा शिसवासारख्या कठीण, गडद लाकडाचा. भारतीय शिसव त्यांच्या कार्यशाळेत यासाठी वापरले जाई. तुकड्याच्या नसा तड्याला काटकोनात येतील असा तो ठेवायचा, त्याच्या आकाराची खाच फळीत कोरायची आणि तो आत ठोकून बसवायचा. दोन्ही बाजूंची रुंद टोके तड्याचे दोन काठ धरून ठेवतात, आणि तडा पुढे सरकत नाही. हे तंत्र नाकाशिमांनी शोधलेले नव्हे, जुन्या कारागिरांना ते ठाऊक होते. पण सहसा ते टेबलाच्या खालच्या बाजूला, दुरुस्ती म्हणून वापरले जाई. नाकाशिमांनी ते वर आणले. किती डमरू लावायचे, कोणते लहान, कोणते मोठे, त्यांच्यात अंतर किती, हे त्यांच्या रचनेचा भाग झाले. रेडिओवर मला चित्र दाखवता येत नाही. पण कल्पना करा, अक्रोडाची तपकिरी, सात-आठ फूट लांब फळी, तिच्या एका टोकापासून आत आलेली नदीसारखी भेग, आणि तिच्यावर पुलांसारखे तीन काळसर डमरू.

दुसरी गोष्ट कडेची. झाडाची साल काढल्यावर खोडाचा जो मूळ बाह्याकार दिसतो, तो ते तसाच ठेवत. काळ्या अक्रोडाचा गाभा गडद आणि सालीलगतचा भाग फिकट, सायीच्या रंगाचा असतो. कड न कापल्याने ही रंगांची जोडी टेबलावर आपोआप येते. आणि तिसरी गोष्ट जोड फळ्यांची. ओंडक्यातले लागोपाठचे दोन काप पुस्तकाची दोन पाने उघडावीत तसे शेजारी मांडले, की एकात दुसऱ्याचे प्रतिबिंब दिसते. गाठीला गाठ, वळणाला वळण. काप क्रमाने रचून ठेवण्याचे कारण हेच.

हे सगळे ऐकून कोणाला वाटेल, म्हणजे झाडाने जे दिले ते उचलून चार पाय लावले, यात कारागिराने काय केले? याचे उत्तर त्यांच्या खुर्च्या देतात. १९६० च्या सुमाराची त्यांची 'कोनॉइड' खुर्ची घ्या. हिला मागे पाय नाहीत. दोनच पाय, आणि ते जमिनीवर टेकलेल्या दोन लांब पट्ट्यांवर उभे. बैठक मागच्या बाजूने अधांतरी बाहेर आलेली. पाहणाऱ्याला वाटते, बसलो की मागे कोसळणार. पण ती कोसळत नाही, कारण वजन कुठून कुठे उतरते याचा हिशेब इमारती बांधणाऱ्या माणसाने केलेला आहे. बैठक अक्रोडाची. पाठीच्या काड्या मात्र हिकरी या लाकडाच्या. हिकरी चिवट, धक्का सोसणारी. अमेरिकेत कुऱ्हाडीचे दांडे तिचे करतात. जिथे सौंदर्य दिसायचे तिथे अक्रोड, जिथे पाठीचा भार झेलायचा तिथे हिकरी. लाकडाची निवड ही अशी कामावरून होत असे, नुसत्या डोळ्यांवरून नाही. खुर्चीचे नाव आले ते त्यांनी स्वतः बांधलेल्या कार्यशाळेवरून. तिचे छप्पर म्हणजे काँक्रीटचे पातळ, लाटेसारखे कवच आहे. जुनाट लाकडाचा हा भक्त काँक्रीटची कवचे आणि प्लायवूडची वळणदार छपरे मोठ्या हौसेने बांधत होता!

ते यंत्राचेही वैरी नव्हते. जाडाभरडा कापकाम यंत्रावर होई, नेमके आणि शेवटचे काम हाताने. नोल या प्रसिद्ध कंपनीसाठी त्यांनी १९४० च्या दशकात फर्निचर आखून दिले आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विडिकोम-म्युलर कंपनीसाठी कारखान्यात बनणारी एक पूर्ण मालिका दिली. पण त्यांचे मन रमले ते न्यू होपच्या कार्यशाळेतच. गिऱ्हाईक तिथे येई. त्याच्याशी बोलायचे, मग त्याला घेऊन फळ्यांच्या राशींत जायचे, फळी निवडायची, समोर बसून रेखाटन करायचे. फळीच्या खालच्या बाजूला त्या गिऱ्हाइकाचे नाव लिहून ठेवत. नाकाशिमांची स्वतःची सही मात्र अनेक वर्षे त्यांच्या कामावर नसे. आज जुन्या टेबलांची खातरजमा करणारे लोक खाली वाकून पाहतात ते गिऱ्हाइकाच्या नावासाठी!

भारताशी त्यांचे नाते १९३९ मध्ये संपले नाही. १९५८ साली ईम्स दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. आपल्या साध्या लोट्याचे त्यात केलेले कौतुक पुढे फार गाजले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, स्थापन झाली. तिच्या उभारणीत गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांचा मोठा वाटा होता. १९६४ मध्ये नाकाशिमा या संस्थेत आले, तिथल्या कारागिरांबरोबर काम केले, आणि त्यांच्या आराखड्यांनुसार तिथल्या कार्यशाळेत फर्निचर बनू लागले. म्हणजे ज्या वर्षांत आपण घराघरांतल्या टेबलांवर सनमायका चिकटवायला शिकत होतो, त्याच वर्षांत अहमदाबादेत लाकूड उघडे ठेवण्याचा हा दुसरा धडा गिरवला जात होता.

या कामावर आक्षेप नाहीत असे नाही. पहिला सरळ आक्षेप किमतीचा. १९७३ मध्ये नेल्सन रॉकफेलर यांनी आपल्या घरासाठी नाकाशिमांकडून दोनशेहून अधिक वस्तू करून घेतल्या. टाकाऊ फळ्यांपासून सुरू झालेले काम गर्भश्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. हाताने, सावकाश केलेली वस्तू महागच पडते, आणि हा पेच हस्तकलेला आजवर सुटलेला नाही. आपल्या पैठणीचेही तेच आहे. ईम्स यांची प्लायवूडची खुर्ची सामान्य माणसाला परवडावी या ध्येयाने निघाली होती. नाकाशिमांना ते ध्येय गाठता आले नाही, हे मान्य केले पाहिजे.

दुसरी गोष्ट अनुकरणाची. वेड्यावाकड्या कडेची टेबले आता मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत आणि कार्यालयांत सर्रास दिसतात. भेगेत निळे रसायन ओतून नदी केलेली असते. काही ठिकाणी तडा नसतानाच शोभेसाठी डमरू ठोकलेले असतात. याला नाकाशिमांचे काम म्हणता येणार नाही. त्यांचा डमरू काहीतरी धरून ठेवत होता. तड्यावाचूनचा डमरू म्हणजे न मोडलेल्या हाताला घातलेले प्लास्टर. दोष दाखवणे ही फॅशन झाली, की ती दोष लपवण्याइतकीच खोटी होते.

तेव्हा त्यांच्याकडून घ्यायचे ते काय? मला वाटते, घ्यायची ती तपासण्याची सवय. फळीत तडा दिसला की आपण दोनच मार्ग जाणतो. फेकून द्या, किंवा बुजवून टाका. नाकाशिमा तिसरा प्रश्न विचारत. हा तडा का पडला, कुठवर जाईल, आणि त्याला कुठे धरले तर फळी आणखी शंभर वर्षे टिकेल? या प्रश्नाला वेळ लागतो, लाकडाचे ज्ञान लागते आणि हातात कसब लागते. नुसत्या निसर्गप्रेमाने तो सुटत नाही. तडा तसाच सोडून देणे हा निष्काळजीपणा झाला असता. त्यांनी तो सांभाळला, आणि सांभाळल्याची खूण पुसली नाही.

१९८१ मध्ये त्यांचे पुस्तक आले. 'द सोल ऑफ अ ट्री', म्हणजे झाडाचा आत्मा, हे त्याचे नाव. १९८४ मध्ये त्यांना काळ्या अक्रोडाचा एक प्रचंड ओंडका मिळाला. इतके मोठे लाकूड एखाद्या धनिकाच्या जेवणघरात जावे असे त्यांना वाटेना. त्यांनी ठरवले, यातून शांततेसाठी चौरंग करायचे, जगाच्या प्रत्येक खंडासाठी एक. पहिला चौरंग न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथीड्रलमध्ये १९८६ सालच्या अखेरच्या दिवशी बसवण्यात आला. दोन काप पुस्तकासारखे उघडून जोडलेले, आणि मधल्या फटीवर डमरू. छावणीत काही काळ काढलेल्या माणसाने हे काम शीतयुद्धाच्या ऐन काळात हाती घेतले होते. त्यांनी मनात धरलेल्या ठिकाणांत मॉस्कोही होते, हे मुद्दाम सांगायला हवे.

१५ जून १९९० रोजी नाकाशिमांचे निधन झाले. कार्यशाळेची धुरा मीरा यांनी घेतली. तान्हेपणी छावणीत गेलेली तीच ही मुलगी. त्याही वास्तुशास्त्र शिकलेल्या, आणि १९७० पासून वडिलांच्या हाताखाली तयार झालेल्या. वडिलांनी रचून ठेवलेल्या फळ्यांच्या राशी त्यांच्या वाट्याला आल्या. २०१४ मध्ये न्यू होपच्या या परिसराला अमेरिकेने राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. ज्या सरकारने या कुटुंबाला एकदा काटेरी तारांमागे ठेवले होते, त्याच सरकारने.

शांततेच्या चौरंगांचे कामही मीरा यांनी पुढे चालू ठेवले. मॉस्कोसाठी एक झाला. आणि आशिया खंडाचा चौरंग १९९६ मध्ये आला तो पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये. सुंदरानंदांनी जिथे सागवानी पट्ट्यांची दारे आणि खाटा केल्या, त्या गोलकोंडपासून हे ठिकाण थोड्याच किलोमीटरवर आहे. पाँडिचेरीला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. समुद्र पाहतात, आश्रम पाहतात, परत येतात. पुढच्या वेळी गेलात तर ऑरोव्हिलमधल्या त्या चौरंगासाठी थोडा वेळ काढा. अगदी जवळ जा आणि दोन फळ्यांच्या मधली फट बघा. ती कोणीही बुजवलेली नाही.